मंगळवारचा दवाखाना आणि बाकीचे दिवस

मैसूरहून हासनच्या दिशेनं निघालेली पॅसेंजर तासाभरात कृष्णराजनगरला थांबते. कावेरीकाठचं, भातशेतीचं हे तालुक्याचं गाव. जवळच्या येडतोरे गावाची कावेरीच्या पुरानं वाताहत झाली, म्हणून १९२०च्या दशकात नव्या जागी ते आखून वसवलं गेलं आणि त्याला मैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचं नाव मिळालं. स्टेशन, बाजार, तालुका कचेरी, सरकारी दवाखाना. आपल्याकडच्या फलटण नाहीतर चाळीसगावसारखंच म्हणा ना!

अशा गावातलं कुठलंही एक घर डोळ्यांसमोर आणा. घरातला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, अभ्यासात बरा, चारचौघांत मिसळणारा. गेल्या काही महिन्यांत मात्र काहीतरी बिनसलं आहे. रात्र रात्र तो जागा असतो. खोलीच्या खिडकीला त्यानं आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. मित्र आले तर 'नाही म्हणून सांग' म्हणतो. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात, रेडिओवरचा माणूस आपल्यालाच उद्देशून काही सांगतो, अशी त्याची खात्री झाली आहे. आणि एके दिवशी आईनं वाढलेलं ताट तो पुढे सरकवतो : आधी तू खा.

त्या आईला काय वाटत असेल?

पुढचा क्रम घर कृष्णराजनगरातलं असो की कराडचं, बहुतेक ठरलेला. आधी दृष्ट काढतात. मग कोणीतरी देवऋषी सुचवतं. आत्या म्हणते, 'लग्न करून टाका, ताळ्यावर येईल.' वडील एकदा हात उचलतात आणि नंतर अंगणात जाऊन बराच वेळ उभे राहतात. यात वर्ष जातं, कधी दोन-तीन वर्षं. बेंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेनं २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. गंभीर मनोविकार असलेल्या दर चार जणांपैकी जवळजवळ तिघांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत, असं त्यात आढळलं.

दवाखाना दूर होता, हे त्याचं एक कारण. एके काळी कृष्णराजनगरच्या माणसाला मैसूरचं मोठं रुग्णालय, नाहीतर थेट बेंगळुरू गाठावं लागे. बेंगळुरूच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या जोडीला १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आली, आणि या दोन्ही मिळून १९७४ साली 'निम्हान्स' झाली. त्यानंतर तिथल्या डॉक्टरांनी एक शहाणपणाचं काम केलं. रुग्ण आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहण्याऐवजी ते सकलवारा या खेड्यात जाऊन बसले. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरला आणि परिचारिकेला हे आजार ओळखता येतील का, नेहमीची औषधं देता येतील का, हे त्यांनी तपासलं. पुढे बळ्ळारी जिल्ह्यात तेच मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. १९९६ साली केंद्र सरकारनं सुरू केलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला तो याच अनुभवावर. २०१४ साली कर्नाटकानं त्यात आणखी एक भर घातली : 'मनोचैतन्य'. ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञानंच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यायचं. सकाळच्या बसनं निघावं, डॉक्टरांना भेटावं, गोळ्या घ्याव्यात आणि दुपारपर्यंत शेतावर परतावं, असा त्यामागचा सरळ विचार.

चांगलीच सोय आहे. पण मंगळवार संपतो. मुलगा गोळ्यांची पुडी घेऊन घरी येतो आणि बाकीचे सगळे दिवस सुरू होतात. त्या दिवसांत काय करायचं, हे त्याच्या आईला कोणी सांगतं का?

पुडीत काय असतं?

आधी आजाराबद्दल थोडं. स्किझोफ्रेनिया, ज्याला मराठीत 'छिन्नमनस्कता' असा घाबरवणारा शब्द आहे, तो म्हणजे एका माणसात दोन माणसं असणं नव्हे. तो सिनेमावाल्यांनी केलेला घोळ. मेंदूच्या कामकाजात बिघाड होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टींची खात्री पटते आणि विचारांची साखळी तुटते. बहुधा ऐन तारुण्यात सुरुवात होते. जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो, हे मत पाश्चात्त्य देशांत एके काळी फार जोरात होतं. ते खोटं ठरलं आहे. ज्या आया अजूनही रात्री 'माझं काय चुकलं' म्हणून रडतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

औषधं १९५०च्या दशकात आली आणि त्यांनी मनोरुग्णालयांचं रूप पालटलं. ती आवाज आणि संशय बऱ्याच अंशी शांत करतात. मात्र डोकेदुखीच्या गोळीसारखा तासाभरात गुण येत नाही. काही आठवडे जावे लागतात. शिवाय त्यांची स्वतःची त्रासदायक बाजू असते : अंग आखडणं, हात थरथरणं, सारखी झोप, वाढणारं वजन, रक्तातली साखर. मुलगा गोळी टाळतो तेव्हा तो हट्टीपणाच असतो असं नाही. कधी जीभ जड होते म्हणून तो टाळत असतो. डॉक्टरांना हे सांगायला हवं. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. काही औषधं दोन-चार आठवड्यांतून एकदा इंजेक्शनानंही देता येतात.

आणि सगळ्यांत घातक चूक होते ती मुलगा बरा दिसू लागल्यावर. 'आता छान आहे, किती दिवस विष घालायचं पोटात?' असं म्हणून कोणीतरी गोळ्या बंद करतं. काही आठवडे, कधी काही महिने काहीच होत नाही. म्हणूनच तर घात होतो! घरच्यांना वाटतं, बघा, आपलंच बरोबर होतं. मग एका रात्री झोप उडते आणि सारं पहिल्यापासून. गोळ्या कमी करायच्या की थांबवायच्या, कधी आणि कशा, हे डॉक्टरांबरोबर बसूनच ठरवायचं असतं.

घरातला पारा

१९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन नावाच्या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. मनोरुग्णालयातून बरे होऊन आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेले रुग्ण जास्त प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते. भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांचं त्या मानानं बरं चाललं होतं. असं का? जिथे जास्त माया, तिथेच जास्त त्रास?

ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षं घराघरांतलं बोलणं ऐकलं. तीन गोष्टी पुढे आल्या. सतत टोचून बोलणं, ही पहिली. मनातली चीड, ही दुसरी. तिसरी वाचून मराठी आई दचकेल : अति काळजी. जेवलास का, कुठे चाललास, गप्प का बसलास, डोळे असे का दिसतात, मी भरवू का? अशा घरात रुग्ण आठवड्यातले ३५ तासांहून जास्त घरच्यांच्या समोरासमोर असला, तर आजार उलटण्याचा धोका आणखी वाढत होता.

हाच अभ्यास पुढे चंडीगडमध्ये झाला आणि १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. तिथल्या कुटुंबांत टोचणं आणि अति गुंतणं लंडनच्या मानानं कितीतरी कमी आढळलं. आपली माणसं 'असतं एकेकाचं नशीब' म्हणून सावरून घेतात, घरात चार माणसं असल्यानं भार वाटला जातो, अशी त्याची कारणं सांगता येतील. मात्र यावर फार खूश होऊन चालणार नाही. चंडीगडच्या त्या अभ्यासाला आता कितीतरी वर्षं झाली. तेव्हाची घरं आणि आताचा दोन खोल्यांचा फ्लॅट यांत फरक आहे. ज्या घरात म्हातारी आई आणि आजारी मुलगा दोघंच उरले आहेत, तिथे भार वाटून घ्यायला असतं कोण?

घरच्यांना दोष न देता, त्यांना उपचारांत घेण्याची कल्पना आपल्याकडे मात्र फार जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही तिथे राहायला बोलावलं. जागा अपुरी, माणसं कमी, हे एक कारण होतंच. पण त्या तंबूंत घरच्या माणसांनी आजार जवळून पाहिला. रुग्णाशी कसं बोलायचं हे ती शिकली, आणि शेजारच्या तंबूतही आपल्यासारखंच दुःख आहे हेही त्यांना दिसलं. घरी जाताना ती नुसता रुग्ण नव्हे, तर एक कसब घेऊन गेली.

सहा दिवसांचं कसब

हे कसब म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. पण ते उपजतही येत नाही.

समजा मुलगा म्हणतो, 'शेजारच्यांनी भिंतीत यंत्र बसवलंय.' आपण काय करतो? एक तर वाद घालतो. भिंत ठोकून दाखवतो, शेजाऱ्यांना बोलावून शपथा घ्यायला लावतो. नाहीतर कटकट नको म्हणून 'हो रे बाबा, आहे यंत्र' म्हणतो. दोन्हींनी नुकसानच होतं. वादानं त्याची खात्री आणखी पक्की होते, आणि होकारानं तिला आणखी एक साक्षीदार मिळतो. मधली वाट अशी : 'मला ते यंत्र दिसत नाही. पण तुला भीती वाटते आहे हे मला कळतंय. मी इथे बसते थोडा वेळ.' यात खोटंही नाही आणि टाकून देणंही नाही.

गोळी आमटीत कालवून देण्याचा मोह अनेक घरांत होतो. मन हतबल झालेलं असतं, त्यामुळे कोणाला नावं ठेवू नयेत. पण आपल्या अन्नात काहीतरी घातलं जातं, हाच ज्याचा संशय आहे, त्याच्या ताटात आपण खरोखरच काहीतरी घालतो तेव्हा काय होतं, याचा विचार करावा. एकदा उघडकीला आलं की त्या घरातलं जेवण आणि त्या आईचा शब्द, दोन्हींवरचा विश्वास जातो. त्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगून इंजेक्शनाचा मार्ग विचारावा आणि मुलाला ते उघडपणे सांगावं.

आता जरा अवघड भाग. आवाज थांबतात, संशय मावळतो. पाहुणे म्हणतात, बरा झाला. आणि हा मुलगा सकाळी अकरापर्यंत लोळत पडतो, अंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, पेपर उघडून त्याच पानावर तासभर नजर. आता घरच्यांचा संयम सुटतो. गंमत पाहा, तो भिंतीशी बोलत होता तेव्हा सगळ्यांना त्याची कणव होती. आता तो नुसता बसून आहे तर 'आयतोबा', 'ऐदी'! वडील निवृत्त झाले आहेत, धाकटा भाऊ नोकरी करतो, आणि हा? पण हे बसून राहणंही आजारच आहे. उमेद, हौस, पुढाकार, चेहऱ्यावरचे भाव, सगळं ओसरून जातं. औषधं या भागावर फारशी चालत नाहीत. इथे उपयोगी पडतं ते काम.

काम म्हणजे लगेच नोकरी नव्हे. सकाळी दूध आणणं. कुंड्यांना पाणी घालणं. आधी फक्त दूध, आठवडाभर. जमलं तर भाजी. चुकलं तर 'एवढंही जमत नाही' हे वाक्य गिळून टाकायचं. घरी शेती असेल तर आणखी बरं, कारण शेतात प्रत्येकाला पेलेल असं काहीतरी असतंच. मुलाखत नाही, साहेब नाही, घड्याळ नाही. कर्नाटकातल्याच शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, 'निम्हान्स'च्या डॉक्टरांनी गावोगावच्या रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी गावात राहून नियमित औषधं घेतली, त्यांचं रोजचं जगणं, स्वतःची निगा आणि कामधाम उपचार न घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरं राहिलं. उशिरा औषधं सुरू केलेल्यांमध्येही सुधारणा दिसली. दहा वर्षं वाया गेली, आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्या घरांसाठी हे महत्त्वाचं आहे.

पुन्हा बिघडण्याआधी आजार निरोप धाडतो. प्रत्येकाचा निरोप वेगळा. एकाची झोप कमी होते, दुसरा अचानक खूप देवदेव करू लागतो, तिसऱ्याला टीव्हीचा आवाज सहन होत नाही. मागच्या वेळी सुरुवात कशी झाली होती, हे आई आणि मुलानं शांत दिवसांत बसून लिहून काढावं. ती खूण पुन्हा दिसली की पुढच्या मंगळवारची वाट पाहायची नाही. मरणाची भाषा निघाली तर मुळीच नाही. 'वेड्याच्या बोलण्याला काय अर्थ' असं म्हणून ती उडवून लावू नये. त्याच दिवशी जवळचा दवाखाना गाठावा. रात्री-अपरात्री काय करावं सुचेना, तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. दारू आणि गांजा या आजाराला तेल ओततात, एवढं सांगून हा विषय इथेच सोडू.

कॅलगरीहून पुण्याला

पण हे सगळं करणाऱ्या माणसाचं काय?

डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याकडचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. परदेशात संसार मांडल्यावर त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला. परका मुलूख, हाताशी सासर-माहेर कोणी नाही, मुलं लहान. त्या काळी आपल्याकडची बहुतेक घरं हे नाव उंबरठ्याबाहेर जाऊ देत नसत. डॉ. वाणी यांनी मात्र ते लपवलं नाही. कॅनडात अशा कुटुंबांचे गट होते. आपली कहाणी दुसऱ्यासमोर सांगता येते आणि तिथे कोणी तोंड फिरवत नाही, हे त्यांना तिथे दिसलं. मग आपल्या मराठी माणसांसाठी हे का नको?

१९९७ साली त्यांच्या पुढाकारानं पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी राहिली. संस्थेच्या कामाचा गाभा साधा आहे : रुग्ण आणि त्यांचा सांभाळ करणारे यांनी ठराविक दिवशी एकत्र बसायचं. स्वमदत गट. पुढे रुग्णांनी दिवसा येऊन काम करावं, चार माणसांत वावरावं यासाठी केंद्रही सुरू झालं. अशा गटात पहिल्यांदा आलेल्या आईचं काय होत असेल, याची कल्पना करणं कठीण नाही. नातेवाइकांच्या लग्नात जाणं तिनं कधीच सोडलेलं असतं, कारण 'मोठा काय करतो हल्ली?' या प्रश्नाला उत्तर नसतं. इथे समोरची बाई सांगते, 'आमचा पण अंघोळ करत नाही हो.' आणि दोघी चक्क हसतात! डॉक्टरच्या दहा मिनिटांत हे होत नाही. शिवाय कुठलं औषध कुठे स्वस्त मिळतं, दाखल्यासाठी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, गोळी टाळणाऱ्याशी कुणी काय युक्ती केली, ही माहिती गटातच मिळते.

गट नसला तरी निदान एवढं करावं : सांभाळणाऱ्याला आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी. तो अर्धा दिवस मावशीनं बसावं, काकानं बसावं. देवळात जा, सिनेमाला जा, नाहीतर नुसतं मैत्रिणीकडे जाऊन पडा. ज्या घरात आई एकटीच सात दिवस राबते, त्या घरात पारा चढणारच, आणि पारा चढला की काय होतं ते ब्राऊनसाहेबांनी सांगून ठेवलंच आहे.

लग्न, दाखला आणि एक वही

लग्नाचा विषय टाळता येणार नाही, कारण आत्या तो टाळू देत नाही. लग्नानं स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. आजार लपवून लग्न लावलं तर कायद्यानं ते रद्द होऊ शकतं. पण कायद्याचं सोडा. एका परक्या मुलीला न सांगता परिचारिका करून आणायचं, आणि सहा महिन्यांनी 'हिच्या पायगुणानं बिघडला' म्हणायचं, याला काय नाव द्यावं? याचाच दुसरा चेहरा आणखी कडू आहे. नवरा आजारी पडला तर बायको बहुधा टिकून राहते. बायको आजारी पडली तर तिची बॅग माहेरच्या ओट्यावर ठेवली जाते. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेनं लग्न मोडलेल्या अशा स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेकींचा भार त्यांच्या वयस्क आईवडिलांवरच पडलेला दिसला. उघड सांगून, दोन्ही बाजूंनी डॉक्टरांना भेटून झालेली लग्नंही आहेत आणि त्यांतली टिकलेलीही आहेत. फरक सगळा त्या उघड सांगण्यात आहे.

कायदा आता रुग्णाच्या बाजूनं बराच पुढे आला आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एर्वाडी इथे आग लागली. दर्ग्यापाशी बरे होण्यासाठी आणून साखळदंडांनी बांधून ठेवलेली पंचवीसहून अधिक माणसं पळता न आल्यानं जळून गेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. साखळीनं बांधायला त्यात साफ मनाई आहे. भूल न देता विजेचे झटके देण्यालाही मनाई आहे. आजार बळावला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो. इतर आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विम्याचं संरक्षण द्यावं, असंही हा कायदा सांगतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकारांचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला मिळाल्यास काही सवलती मिळू शकतात. पुष्कळ घरं हा दाखला काढत नाहीत. कागदावर 'तसला' शिक्का नको वाटतो. ते समजण्यासारखं आहे, पण हा दाखला घरात ठेवायचा असतो, दारावर लावायचा नसतो.

आणि मग तो प्रश्न येतो, जो प्रत्येक गटात कोणीतरी शेवटी विचारतंच : आमच्यानंतर कोण?

याचं पुरेसं उत्तर आज आपल्याकडे नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या आईबापांपश्चात पालक नेमण्याची सोय आहे. त्यात मनोविकार नाहीत. बेंगळुरूला 'रिचमंड फेलोशिप'सारख्या संस्था १९८०च्या दशकापासून रुग्णालय आणि घर यांच्या मधली निवासी केंद्रं चालवत आहेत. पण एवढ्या मोठ्या देशात अशी केंद्रं किती, आणि कृष्णराजनगरच्या शेतकऱ्याला त्यांचा खर्च परवडणार का? म्हणजे शेवटी ओझं येतं भावंडावर. डॉ. वाणी यांच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००४ साली 'देवराई' हा चित्रपट केला. त्यात आजारी भाऊ शेष (अतुल कुलकर्णी) याच्याइतकीच गोष्ट आहे ती त्याला आपल्या घरी आणणाऱ्या बहिणीची, सीनाची (सोनाली कुलकर्णी). तिचा नवरा आहे, मूल आहे, आणि दारात भाऊ उभा आहे. अनेक घरांनी तो सिनेमा मुलामुलींना शेजारी बसवून पाहिला, तो काही नुसत्या करमणुकीसाठी नाही.

भावंडांशी हे बोलणं आईवडील टाळतात. 'तिचं लग्न होऊ दे, मग सांगू.' मग नातवंडं होतात, मग वडिलांना धाप लागते आणि बोलायचं राहूनच जातं. एका दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बहिणीला पहिल्यांदा कळतं की भावाच्या गोळ्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. तेव्हा एक साधी वही करावी. डॉक्टर कोण, पहिल्यांदा कधी दाखवलं, कुठलं औषध लागू पडलं, कुठल्यानं त्रास झाला. बिघडण्याआधीची खूण काय. दाखला, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद कुठल्या कपाटात. त्याला चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते, रागावला की किती वेळ एकटं सोडावं लागतं. शेजारी वेळेला धावून येणारा कोण.

ही वही त्याच्या पाठीमागे लिहू नये. त्यालाच पेन द्यावं. कुठल्या गोळीनंतर आवाज थांबले आणि कुणाच्या बोलण्यानं ते पुन्हा सुरू झाले, हे त्या घरात सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक असतं.